गॅरेजवरचा गिटारवाला

त्याचं गाणं मी रेडिओवर पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी डेंटिस्टच्या खुर्चीत आडवा होतो. तोंड वासलेलं, अर्धा जबडा बधिर, आणि डेंटिस्टबाई काम करता करता गाण्याबरोबर गुणगुणत होत्या. गाणं स्पॅनिशमध्ये संपलं आणि तेच गाणं पुन्हा पहिल्यापासून इंग्रजीत सुरू झालं, तेव्हा आवाज कुणाचा ते मला कळलं. मला सांगायचं होतं की बाई, हा माणूस कित्येक वर्षं माझ्या गॅरेजवर राहत होता आणि माझ्या घरचे पोहे केचप घालून खात होता. पण तोंडात आरसा आणि नळी असताना 'आ'पलीकडे काही बोलता येत नाही. "दुखतंय का?" बाईंनी विचारलं. मी मान हलवली. दुखत होतंच, फक्त दाढ दुखत नव्हती.

सरळच सांगून टाकतो, मला त्याचा हेवा वाटतो. आजही वाटतो. लोक म्हणतात काळ गेला की असल्या गोष्टी निवतात. माझ्या बाबतीत तसं काही झालेलं नाही. उलट त्याच्या प्रत्येक नव्या गाण्याबरोबर मला नव्याने मिरच्या झोंबतात.

तो इक्वाडोरचा, समुद्राकाठच्या एका शहरातला. इथे अमेरिकेत, कॅरोलायनाच्या रिसर्च ट्रँगल पार्कमधल्या ज्या औषध कंपनीत मी डेटाबेस सांभाळतो, तिथे तो हेल्पडेस्कवर होता. पासवर्ड विसरलेल्या लोकांचे फोन घ्यायचा आणि कॉम्प्युटर पुन्हा चालू होईपर्यंत त्यांना फोनवर गाणं ऐकवायचा. काही लोक मुद्दाम पासवर्ड विसरतात अशी ऑफिसात बोलवा होती. मी त्याला कँटीनमध्ये सहज म्हणालो की मीही गातो, आणि त्याने मला मिठीच मारली. त्याला खोली हवी होती. आमच्या मॉरिसव्हिलच्या घराला गॅरेजवर एक खोली आहे. बिल्डर तिला बोनस रूम म्हणतो, आम्ही तिच्यात रिकाम्या सूटकेसेस ठेवायचो. त्या सूटकेसेस खाली आल्या आणि तो वर गेला.

तो मला 'माएस्त्रो' म्हणायचा. म्हणजे गुरुजी, उस्ताद वगैरे. मी नागपूरचा संगीत विशारद, इथल्या मराठी मंडळात दर गणपतीला माझं गाणं असतं, तेव्हा मला ते योग्यच वाटलं. सुरुवातीला मी फार खूश होतो. मग एकदा तो माझ्यादेखत गाडीचं ऑइल बदलणाऱ्यालाही माएस्त्रो म्हणाला, आणि त्याच संध्याकाळी पिझ्झा आणून देणाऱ्यालाही. त्यानंतर तो शब्द ऐकला की मला धड हसूही येईना आणि धड रागही.

त्याची गिटार कधीही कुठल्या ठरलेल्या सुरात नसायची. खोलीत शिरला की तो आधी गप्प उभा राहायचा, डावा बूट काढायचा आणि कान द्यायचा. खोलीत फ्रीज असेल तर फ्रीजचा, एसी असेल तर एसीचा, जो काही आवाज घुमत असेल त्याला तो गिटार जुळवायचा. त्याचं म्हणणं असं, की खोली आधीपासून गात असते, आपण मागून येतो, तेव्हा जुळवून आपण घ्यायचं. ऐकायला हे फार छान आहे. पण माझी पेटी जन्मल्यापासून एकाच सुरात आहे आणि तिला फ्रीजशी काही देणंघेणं नाही. मी काळी एकमध्ये गातो, माझे गुरुजीही काळी एकमध्येच गायचे. आणि हा आमच्या स्वयंपाकघरात उभा राहून माझी पेटी बेसूर आहे असं मला सांगायचा! आमचा जुना फ्रीज बंद पडून नवा आला, त्या दिवशी तो पाणी प्यायला खाली आला आणि दारातच थबकला. "वहिनी," तो माझ्या बायकोला म्हणाला, "तुमचं घर अर्ध्या सुराने उतरलं." तिने पुढे आठवडाभर येईल त्याला हे सांगितलं. मी विशारद होऊन इतकी वर्षं झाली, माझं एकही वाक्य तिने असं कुणाला सांगितलेलं नाही.

तारा छेडायच्या उजव्या हाताच्या नखांना तो तळहातावरच्या फोडासारखं जपायचा. सोड्याचा कॅन उघडायचा नाही, आंबा सोलायचा नाही, शेकहँडसुद्धा डाव्या हाताने. मंडळाच्या गणपतीला त्याला पहिल्यांदा घेऊन गेलो तेव्हा त्याने प्रसादासाठी डावा हात पुढे केला. वाढायला कुलकर्णी काकू होत्या. काकूंनी शिऱ्याचा चमचा वरच्या वर धरला आणि त्याच्या उजव्या हाताकडे बघत राहिल्या. त्याने उजवा हात खिशात घातला. काकू हटेनात, हाही हटेना, मागे रांग खोळंबली. शेवटी त्याने सरळ गुडघे टेकले आणि आ केला. आणि काकूंनी, ज्यांनी सख्ख्या जावयाला कधी घास भरवला नसेल, त्याच्या तोंडात शिरा घातला! पुढच्या वर्षीपासून तो आला की काकू वाटी-चमचा वेगळा काढून ठेवायच्या. मी तिथे वीस वर्षं गातोय. मला अजून शिरा संपला असंच सांगतात.

आता मुद्द्यावर येतो. मुद्दा रेवाचा आहे.

रेवा माझी मुलगी, एकुलती एक. ती बोलायला लागली तेव्हापासून तिला गाणं शिकवायचं हा माझा एकच हट्ट होता. बाकी तिने काय हवं ते करावं, डॉक्टर व्हावं, होऊ नये, पण गाणं तिने माझ्याकडून घ्यावं. रोज संध्याकाळी पेटी काढून मी तिला समोर बसवायचो. ती बसायची, सा लावायची, आणि डोळे छताकडे. कारण छताच्या पलीकडे गॅरेजवर तो वाजवत असायचा. "बाबा, कॅन आय गो नाउ?" तिने विचारलं की मी म्हणायचो, आधी हे पलटे पूर्ण कर. ती ते असे उरकायची, जणू शाळेची बस चुकतेय. मग जिन्यावर धडधड पावलं वाजायची आणि वरून हसण्याचा आवाज यायचा.

ती त्याला 'तिओ' म्हणायची. म्हणजे काका. त्याने तिला गिटार दिली, लहान आकाराची, आणि डावा बूट काढायला शिकवलं. मी एकदा वर गेलो तर दोघं एकेका पायात बूट घालून उभे, आणि रेवा डोळे मिटून भिंतीतल्या कसल्याशा घूं घूं आवाजाला तार जुळवत होती. मी तानपुरा लावला की हीच मुलगी जांभया द्यायची. मी खाली येऊन भांडी घासली, आवाज होईल अशी घासली.

एकदा मी त्याला माझं एक नवं गाणं ऐकवलं. चाल माझी, शब्दही माझेच. गाणं संपल्यावर त्याने विचारलं, "कुणाला?"

"कुणाला म्हणजे?"

"हे गाणं तू कुणाला सांगतोयस?"

"प्रेक्षकांना," मी म्हणालो.

"प्रेक्षक नावाचा माणूस मला अजून भेटला नाही," तो म्हणाला आणि कपबशी उचलून वर गेला.

तेच गाणं मी त्या वर्षी गणपतीत म्हणायचं ठरवलं होतं. कार्यक्रम शाळेच्या हॉलमध्ये. तबल्यावर येणाऱ्या मुलाने दुपारी फोन करून कॅन्सल केलं, ऑफिसचं काही रिलीज होतं. बायको म्हणाली, "अहो, मग आपल्या वरच्यांना घ्या ना. गाणं त्यांनी ऐकलंय." घेतलं. तो आला, स्टेजवर गेला, बूट काढला, आणि हॉलच्या एसीला गिटार जुळवली. तो सूर निघाला काळी एक आणि पांढरी दोन यांच्या मधला, म्हणजे पेटीत कुठेच नसलेला. पेटी मिटून ठेवावी लागली. पण सांगायला हवं, मी त्या दिवशी गायलो. चढ्या सुराला पोचायचं म्हणून असेल, किंवा पेटीचा आधार नव्हता म्हणून असेल, आवाज असा लागला की मलाच आश्चर्य वाटलं. गाणं संपलं आणि हॉलमधून आवाज आला, "वन्स मोअर!" मग दुसरा, मग सगळीकडून. इतक्या वर्षांत मला मिळालेला तो पहिला वन्स मोअर.

मी पाणी प्यायलो, घसा साफ केला, हात वर करून लोकांना शांत केलं. आणि मी तोंड उघडणार तेवढ्यात त्याने सुरू केलं. माझीच चाल. शब्द स्पॅनिश, तिथल्या तिथे जुळवलेले. माझ्या तानेच्या जागी तो नुसता थांबत होता, आणि त्या थांबण्याला लोक वाहवा म्हणत होते. संपलं तेव्हा कुलकर्णी काकू उभ्या होत्या. पुन्हा वन्स मोअर झाला. त्याने माझ्याकडे बघितलं, पण लोक माझ्याकडे बघत नव्हते.

गाडीत मी त्याला विचारलं, हे काय होतं? तो खरोखर गोंधळला. आमच्याकडे गाणं आवडलं की लोक तेच गाणं पुन्हा मागतात हे त्याला माहीतच नव्हतं. त्याच्या गावी गाणं आवडलं की लोक दुसरं मागतात. "मला वाटलं त्यांना कळलं नाही, म्हणून पुन्हा मागताहेत," तो म्हणाला. "तुझ्या भाषेत कळलं नाही, तर निदान माझ्या भाषेत सांगून बघू."

मागच्या सीटवर रेवा होती, तेव्हा दहा वर्षांची. ती म्हणाली, "बाबा, व्हाय डोन्ट यू सिंग इट लाइक तिओ?"

मी रेडिओ लावला.

त्यानंतरचं सगळ्यांना माहीत आहे. तो डरॅमच्या एका रेस्टॉरंटमध्ये गायला लागला, प्रत्येक गाणं दोनदा. आधी स्पॅनिशमध्ये, मग लगेच तेच इंग्रजीत, आणि दुसऱ्यांदा जरा वेगळं. स्पॅनिशवाले पहिल्याला रडायचे, अमेरिकन दुसऱ्याला. हळूहळू दोघं दोन्हींना रडायला लागले. मग कॉलेजांतून बोलावणी, मग मायामीची एक रेकॉर्ड कंपनी, मग तो मायामीलाच गेला. हेल्पडेस्कची नोकरी सोडताना ऑफिसने त्याला केक कापून निरोप दिला, आणि पुढे महिनाभर कुणी पासवर्ड विसरलं नाही. मग रेडिओ, टीव्ही, मोठं बक्षीस. पेपरात लिहून आलं की दोन्ही भाषांत एकामागोमाग गाण्याची त्याची शैली क्रांतिकारक आहे. क्रॉसओव्हर म्हणतात त्याला. म्हणजे एकीकडचा माणूस दुसरीकडे पोचला. मी नागपूरहून निघून सातासमुद्रापलीकडे आलो, घर घेतलं, सिटिझन झालो, मला कुणी क्रॉसओव्हर म्हटलं नाही. एका मुलाखतीत त्याला विचारलं, ही कल्पना कुठून सुचली? तो म्हणाला, "कॅरोलायनात काही लोक भेटले. त्यांना गाणं आवडलं की ते तुम्हाला त्या गाण्यातून बाहेर पडू देत नाहीत." काही लोक! मी बायकोला म्हटलं, नाव घ्यायला काय झालं होतं? ती म्हणाली, "अहो, चांगलंच बोललेत की." मंडळात आता माझी ओळख करून देताना, 'हे त्यांचे घरमालक होते,' असं सांगतात. काकू तर शिऱ्याची गोष्ट नव्या माणसांना बोलावून बोलावून ऐकवतात.

रेवा कॉलेजात गेली, गिटार घेऊन गेली. आवाज तिने माझा घेतलाय असं बायको म्हणायची, पण तो तिने वापरला कधी नाही. गायची ती नुसती तोंडातल्या तोंडात, गिटारच्या मागे लपून. कॉलेज संपलं आणि त्याच वर्षी बातमी आली की त्याला मोठ्या दौऱ्यासाठी साथीला दुसरी गिटार हवी आहे. रेवाने अर्ज केला. त्याला आधी फोनही केला नाही, सगळ्यांसारखाच अर्ज केला. त्याने बोलावलं. बायकोने लसणाची चटणी बांधून दिली, त्याच्यासाठी. मी तिला विमानतळावर सोडायला गेलो आणि वाटेत ट्रॅफिकवर बोललो.

ते चार दिवस मी जे मागत होतो ते देवासमोर बोलण्यासारखं नव्हतं. त्याने नाही म्हणावं. मनातल्या मनात त्याला म्हटलं, बाबा रे, तुला गर्दी मिळाली, नाव मिळालं, माझा वन्स मोअर मिळाला, ही एक तरी इकडे राहू दे. ती गेली की ती कायमची त्याचीच झाली, हे मला स्पष्ट दिसत होतं. आणि लगेच वाटायचं, पोरीला हवंय ते. मिळू दे. मग पुन्हा पहिलंच.

ती परत आली. गिटार गाडीच्या डिकीतच राहिली. "रेवा, काय झालं गं?" बायकोने विचारलं. "ही सेड नो," एवढं म्हणून ती खोलीत गेली आणि दार लावलं.

मला आनंद व्हायला हवा होता. मी अंगणात गेलो, मला वाटलं तिथे होईल. पण माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. माझ्या मुलीला नाही? ज्या मुलीने याच्यापायी माझे पलटे टाकले, एका पायात बूट घालून उभी राहिली, तिला नाही? मी तिथूनच त्याला फोन लावला. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच मी आपणहून लावला होता.

"माएस्त्रो!" तो म्हणाला.

"तू स्वतःला समजतोस कोण?" मी म्हणालो. आमचं बोलणं नेहमी इंग्रजीत व्हायचं, आणि दोघांचंही भांडताना मोडायचं. "ती तुझ्या बँडमधल्या इतर पोरांपेक्षा वाईट वाजवते का?"

"नाही. फार छान वाजवते. डोळे मिटले तर मीच वाजवतोय असं वाटतं," तो म्हणाला. "मला मी पुरेसा आहे, माएस्त्रो. आणखी एक घेऊन काय करू?"

"मग असं शिकवलंस कशाला?"

"मी शिकवलं नाही. तिने घेतलं. शेवटच्या दिवशी मी तिला म्हटलं, गिटार खाली ठेव आणि गा. ती लाजली. मग गायली. एका सुरावरून दुसऱ्यावर जाताना तिने ते केलं, तू करतोस ते. मधल्या रस्त्याने, न उचलता, घासत नेतोस ना."

"मींड," मी म्हणालो.

"माझ्या गिटारला पडदे आहेत, दर सुराला आडवी पट्टी. त्या रस्त्याने मला जाता येत नाही. वर राहायचो तेव्हा तू खाली रियाझ करायचास आणि मी गिटार घेऊन ते शोधत बसायचो. सापडलं नाही. तिला अर्धं येतं, ऐकून ऐकून. मी तिला सांगितलं, माझ्या मागे उभी राहिलीस तर ते अर्धंच राहील. घरी जा. तुझ्या बापाइतकं चांगलं ते करणारा माणूस मला तरी माहीत नाही."

मी चटणी मिळाली का विचारलं. मिळाली होती, संपलीही होती.

तो फोन कसा घ्यावा हे मला अजून ठरवता आलेलं नाही. जिन्याच्या वर बसून तो माझं गाणं ऐकत होता, आणि मला वाटत होतं की तिथून फक्त खाली ऐकू येतं. मला हलकं वाटायला हवं होतं. वाटलंही, थोडा वेळ.

रविवारी सकाळी मी पेटी काढून बसलो होतो, एकटाच. रेवा आली. चहाचा कप घेऊन समोर मांडी घालून बसली, लहानपणी बसायची तशीच.

"बाबा," ती म्हणाली, "तिओ म्हणाला की तुम्ही ते मींड का काय करता ते, लाइक, कुणीच तसं करत नाही. इज दॅट ट्रू?"

बघा आता. मी या घरात तिच्या जन्मापासून गातोय. गाडीत गातो, आंघोळ करताना गातो, हिला मांडीवर घेऊन गायलोय. आणि तिचा बाप बरा गातो हे तिला मायामीला जाऊन त्याच्याकडून कळावं! माझी मुलगी माझ्यासमोर येऊन बसली होती, जे मी आयुष्यभर मागितलं ते, आणि तेही त्यानेच पाठवलेलं होतं. माझ्या तोंडावर आलं होतं की जा, त्यालाच विचार.

"बस नीट," मी म्हणालो. "पाठ सरळ. सा लाव."

तिने लावला. मी मींड घेऊन दाखवली, ती घ्यायला गेली आणि वाटेत सांडली. पुन्हा दाखवली. पुन्हा सांडली. ती हसली, मीही हसलो, बायको स्वयंपाकघरातून डोकावून गेली. चहा निवला. "उचलू नकोस," मी सांगत होतो, "सोडू नकोस, धरून ने, घाई कसली आहे?" आणि मग तिने नेली. खालच्या सुरावरून वरच्यावर, मधलं काही न सांडता, आणि पोचल्यावर ती तिथे जरा थांबली. इतकं माझं मलाही दर वेळी येत नाही.

तिलाही ते कळलं. डोळे मोठे करून तिने फोन उचलला. "बाबा, तिओला ऐकवू?"

"थांब," मी म्हणालो. "अजून आलं नाही तुला."

तिने फोन खाली ठेवला आणि पुन्हा सा लावला.